दोर हाताला कळतो

रुक्मिणीनगर, अमरावती
दि. ७ डिसेंबर २०२५

चि. आचल हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यामागोमाग मोबाइलवर तुझी चित्रफीत, दोन्ही पोचली. येथील सर्व क्षेम आहे. 'सर्व' म्हणजे मी, अंगणातली तुळस आणि स्वयंपाकघरातला जुना फ्रीज. यांपैकी दिवसभर बोलतो तो फ्रीज.

थंडी पडू लागली. बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या आहेत. परवा आणल्या आणि उन्हात बसून सोलल्या. तुझी आजी सोले निवडताना किडका दाणा नेमका माझ्या वाट्याच्या ढिगात टाकायची आणि 'गुरुजी, तुमचं लक्ष कुठं हाय?' असे विचारायची. तिच्यामागे हा दुसरा हिवाळा. भाजी बरी झाली. मीठ घालायचे राहिले होते, ते ताटात घेतले.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. तू लिहितेस, समुद्रावरच्या तुमच्या पतंगशाळेला जानेवारीअखेर कळवायचे आहे की तू मार्चपर्यंत तेथे राहणार की नाही. मार्चमध्ये तुमची परीक्षा, आणि तीत उतरलीस तर ते तुला साहाय्यक म्हणून ठेवून घेतील. पुढे लिहितेस, 'आबाजी, तुम्ही घरात एकटे आहात. माझं कंपनीचं काम अमरावतीहूनही होतं. तुम्ही नुसतं "ये" म्हणा, मी सगळं गुंडाळून येते.'

याला उत्तर एका वाक्याचे आहे. परत येण्याचे कोणतेही कारण नाही. लोक रामेश्वराकडे पुण्य करायला जातात, तू पाण्यात पडायला गेलीस. गेलीच आहेस तर नीट पडायला शिकून ये.

चित्रफितीविषयी. मायाही सोबत होती. (आपल्या शेजारची माया. बडनेऱ्याला तिकीटखिडकीवर असते; संध्याकाळच्या गाडीने परतली की एक चक्कर मारते.) तिचा अभिप्राय जसाच्या तसा देतो: 'सर, आचल त अर्धा समुद्र पिऊन राहिली. खारट नसन लागत का तिले?' तिच्या मराठीचे मी आता काही करू शकत नाही. तुझ्या पतंगविद्येचे मात्र करता येईल.

तुझा मुख्य दोष गच्चीवरचा आहे. आपला कागदी पतंग गोता खाऊ लागला की आपण दोर खेचतो आणि तो सावरतो. ही सवय तुझ्या आजीने तुझ्या हाताला लावली. पण तुला फळीवरून पाण्यावर ओढणारा तो खोलीएवढा पतंग खेचल्याने सावरत नाही, उलट जोर करतो. तूच मला समजावले होतेस की हातातला दांडा छातीशी ओढला की ताकद वाढते आणि सोडला की ओसरते. तरीही घाबरलीस की दांडा कवटाळतेस आणि मग तो तुला पाण्यातून फरफटत नेतो. भीती वाटली की हात सैल सोडायचे, हे अमरावतीच्या मुलीला नव्याने शिकावे लागणार.

दुसरे असे की डाव्या हाताने तू जास्त ओढतेस. म्हणून पतंग डावीकडे कोसळतो. तिसरे, फळी पायांत अडकवली की लगेच उभी राहू पाहतेस. उठू नये. उकिडवे बसून राहावे. पतंग खाली झेपावला की त्याने तुला उठवावे. तू स्वतः उठलीस की पुढच्या बाजूने तोंडावर पडणार. 'काइटबोर्डिंग' या भारदस्त नावाचे रहस्य एवढेच दिसते की घाई केलेली चालत नाही.

एक सूचना. यापुढे पत्र लिहीत जाऊ नकोस. बोलून पाठवत जा. तुझे अक्षर इंजिनिअरिंगच्या महाविद्यालयात गेल्यापासून बिघडले आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा तर तू सूडच घेतला आहेस. मला त्रास होतो. मी मात्र पत्रच लिहीन, कारण मला दुसरे काही येत नाही.

प्रकृतीची काळजी घे. अंगावर ओले कपडे ठेवू नकोस.

शुभेच्छुक,
खुशालराव


अमरावती
दि. २ जानेवारी २०२६

चि. आचल हिस आशीर्वाद.

तुझा ध्वनिसंदेश ऐकला. लांबलचक असल्याने जेवताना ऐकला, आणि जेवण झाल्यावर पुन्हा ऐकला. मागे वारा फार आहे. तुझे शब्द अधूनमधून उडून जातात.

तू म्हणतेस, मी डाव्या-उजव्याची चूक केली. कॅमेरा तुझ्यासमोर होता, त्यामुळे पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूला दिसतो तो तुझा उजवा हात. तुझ्या शिक्षकांनीही उजवाच सांगितला. मान्य आहे. वर तुझी मल्लिनाथी: 'आबाजी, तुम्ही आयुष्यभर वर्गासमोर उभे राहिलात. समोरच्या मुलाचा उजवा हात कुठला, ते तुम्हाला झोपेतही कळतं. तुमची ही चूक कशी?'

चूक कोणाचीही होते. मोबाइलचा पडदा लहान आहे. मी मायाला विचारले, 'कोणता हात?' ती म्हणाली, 'डाव्या बाजूचा.' मी तसे लिहिले. विषय संपला.

माझ्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत आणि मी जाड मार्करने का लिहितो, असेही तू विचारलेस. चष्म्याचा नंबर बदलला असावा. थंडी ओसरली की पाहू.

तुझ्या आईचा, रागिणीचा, रविवारी अकोल्याहून नेमाने फोन येतो. बोलणे नेहमीचेच. 'बाबा, तुमी इकडं या न. काहून तिथं भुतासारखे एकटे बसून राहिले?' मी म्हटले, 'भूत कधी एकटे नसते, त्याच्याजवळ झाड असते.' ती चिडली. तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात मला जिना मोजायला आणि लिफ्टचे बटण शोधायला लावणारे जीवन नको आहे. या घरात मला प्रत्येक उंबरठा पाठ आहे. माझ्या चष्म्याविषयी तिच्याजवळ बोलू नकोस. ती राईचा पर्वत करील आणि संध्याकाळच्या गाडीने दारात येईल.

आता तुझी अडचण. तू सांगतेस की पाण्यातून उठणे आता जमते, पण थोडे अंतर गेल्यावर पडतेस. कारण मान वर करून सारखी पतंगाकडे पाहतेस. शिक्षक ओरडतात, 'जायचे आहे तिकडे पाहा!' आणि तू पुढे पाहिलेस की पतंग कोठे आहे ते कळेनासे होऊन तो पाण्यात बुडतो. शिवाय प्रत्येक वेळी वारा तुला किनाऱ्याच्या खालच्या टोकाला नेऊन टाकतो आणि पतंग डोक्यावर घेऊन वाळूतून चालत परत यावे लागते. मच्छीमारांच्या बायका हसतात, हे ऐकून मला वाईट वाटले नाही. हसणारे कोणी तरी आहे.

याविषयी मी काही विचार केला आहे, आणि प्रयोगही केला आहे.

माळ्यावरून आजीची चक्री काढली. तिच्यावर साधा सुती दोरा अजून आहे. नाक्यावरून एक पतंग आणला, गच्चीवर गेलो आणि तो कसाबसा चढवून उभा राहिलो. पाहत नव्हतो. दोर फक्त बोटावर ठेवला. पहिले दोन दिवस काही समजले नाही. नंतर समजू लागले. पतंग सरळ वर असला की दोर एकसारखा, तानपुऱ्याच्या तारेसारखा ताणलेला असतो. डावीकडे कलला की तर्जनीच्या आतल्या बाजूला ओढ लागते, उजवीकडे गेला की बाहेरच्या. गोता खाण्यापूर्वी एक क्षण दोर हलका पडतो. डोळ्यांना ते नंतर दिसते. बोटाला आधी कळते.

तुझ्याजवळ सरावासाठी तो छोटा पतंग आहे, म्हणालीस. रोज सकाळी पाण्यात शिरण्यापूर्वी वाळूवर उभी राहा आणि डोळ्यांवर ओढणी बांधून तो उडव. कोसळेल. कोसळू दे. पण दोन्ही हातांतली ओढ सारखी आहे की नाही, हे तळव्यांना शिकव. ते शिकले की तुझे डोळे मोकळे होतील आणि जायचे आहे तिकडे पाहतील. मग भार टाचांवर देऊन फळीची कड पाण्यात रुतव. वाऱ्याच्या उगमाकडे थोडेथोडे चढता आले पाहिजे. जेथून निघालीस तेथेच परत येशील, आणि वाळूतली ती पायपीट संपेल.

मार्चपर्यंत राहण्याविषयी तू पुन्हा विचारलेस. माझे उत्तर तेच आहे. त्यात बदल करण्यासारखे येथे काही घडलेले नाही.

शुभेच्छुक,
खुशालराव


अमरावती
दि. १७ जानेवारी २०२६

प्रिय आचल,

या वेळी 'चि.' लिहिले नाही, याची तू नोंद घेशील. पुढचे लिहिताना मला वडीलधारा म्हणून वर बसता येणार नाही.

तुझा संदेश संक्रांतीच्या सकाळी आला. तू आधी ओरडलीस, मग हसलीस, मग बहुधा रडलीस. वाऱ्यामुळे नक्की कळले नाही. एवढे कळले की तू किनाऱ्यावरून निघालीस, दूर गेलीस, वळलीस आणि जेथून निघाली होतीस त्याच ठिकाणी परत आलीस. पायी चालावे लागले नाही. मच्छीमार बायकांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनी विचारले, 'हे डोळे बांधून उडवण्याचं तुला कोणी शिकवलं?' तू सांगितलेस, 'माझ्या आजोबांनी, अमरावतीहून.' ते म्हणाले, ते आजोबा उत्तम पतंग उडवत असले पाहिजेत.

आणि शेवटी तू मला विचारलेस, 'आबाजी, तुम्हाला हे कसं सुचलं? आजी पतंग उडवायची तेव्हा तुम्ही तर खाली बसून पेपर तपासायचे.'

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी संक्रांतीची दुपार सांगतो.

मायाला सुटी होती. तिळाची वडी घेऊन आली आणि मला गच्चीवर नेले. पतंग धरून ती गच्चीच्या पलीकडच्या टोकाला गेली. आपल्याकडे याला छुट्टी देणे म्हणतात. तुमच्या वाळूवरही कोणी तरी असा पतंग धरून उभे राहते आणि खूण केली की सोडते, असे तू सांगितले आहेस. एकट्याला ते नीट जमत नाही.

'सर, सोडू का?'

'वारा येऊ दे.'

'आला न!'

'तुला येऊन चालत नाही. मला येऊ दे.'

'घ्या, आता वाराबी तुमची परवानगी काढून येईन!'

पतंग चढला. चांगला चढला. भोवताली सगळ्या गच्च्या भरल्या होत्या, गाणी लागली होती, दर मिनिटाला कोणी तरी 'काट' म्हणून ओरडत होते. मी दोर सोडत गेलो. बऱ्याच दिवसांनी आपल्या हातात काही जिवंत आहे, असे वाटले. मग एक बारीक घसट लागली, आणि दोर मेला. ढिला पडणे निराळे आणि मरणे निराळे. पतंग कापला गेला होता.

मी सहज विचारले, 'माया, कोठे आहे ग आता?'

ती लगेच म्हणाली, 'हाय न सर. थे काय, टाकीच्या वर. लय मस्त चालली.'

'उंच आहे?'

'लय उंच! साऱ्याहून वर तुमचीच हाय.'

मी तसाच उभा राहिलो. बोटावर दोऱ्याचे नुसते वजन होते. ती सांगत होती: आता डावीकडे गेली, आता एका लाल पतंगाला हुलकावणी दिली, आता शेजारची पोरे पाहून राहिली. तिने त्या पतंगाला फार छान उडवले, आचल. मी एवढ्या वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्याच्या तोंडून इतके प्रवाही वर्णन ऐकले नव्हते. अखेर मी दोर गुंडाळू लागलो आणि म्हटले, 'माया, पतंग केव्हाच गेला आहे.'

ती मग हळूच म्हणाली, 'मले वाटलं, तुमाले बरं वाटन.'

'मला दिसत नाही, हे तुला केव्हापासून ठाऊक आहे?'

'दिवाळीपासून. म्या तुमाले शुभेच्छापत्र दिलं होतं. तुमी थे उलटं धरलं अन् म्हनले, छान लिहिलं आहेस. एकबी चूक नाही काढली. तवाच समजलं.'

मला संताप आला. मी तिला खाली जायला सांगितले; ते तितकेसे चांगल्या शब्दांत सांगितले नाही. कठड्याला टेकून बराच वेळ बसून राहिलो. माझ्या डोळ्यांचे काय झाले आहे, याहून मला लागले ते हे, की माझ्या हातातला पतंग गेला असता तो आहे असे मला सांगण्यात आले, आणि सांगणारीने ते मायेपोटी सांगितले. मला काय सोसेल, हे तिने परस्पर ठरवून टाकले होते.

मग ध्यानात आले की तिने मला टाकीवरचा पतंग दिला, तसे मी तुला दोन पत्रांतून 'सर्व क्षेम' दिले आहे. तुला काय सोसेल, हे मीही परस्पर ठरवले.

तेव्हा आता खरे ते लिहितो.

गणपतीच्या दिवसांत वर्तमानपत्रातल्या ओळी मधोमध वाकू लागल्या. डॉक्टरकडे गेलो. तरुण आहे, सभ्य आहे. त्याने विचारले, 'माझ्या चेहऱ्याकडे पाहा. काय दिसतं?' मी म्हटले, 'कान.' तो हसला. मी विनोद केला नव्हता. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला आहे, दोन्ही डोळ्यांचा. ज्याकडे पाहावे ते नेमके पुसले जाते, आणि त्याच्या कडा राहतात. यावर औषध नाही, असे त्याने नीट समजावून सांगितले. पूर्ण अंधार होणार नाही. दार, जिना, ऊन हे दिसेल. अक्षर दिसणार नाही. चेहरे दिसणार नाहीत.

म्हणजे तू ऑक्टोबरात निघालीस तेव्हा मला हे ठाऊक होते. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी हलली तेव्हा मी ज्या खिडकीकडे पाहून हात हलवला, ती तुझी होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. विचारण्याचा धीर झाला नाही.

तुझी पत्रे माया वाचून दाखवते. तुझ्या चित्रफिती तीच मला सांगते. मी लिहितो ते कागदावर लाकडी पट्टी ठेवून, तिच्या कडेने हात सरकवत. पट्टी हलली की ओळ ओळीवर चढते. तुझ्या अक्षराला नावे ठेवून तुला बोलायला लावले, ते निमित्त होते. तुझे अक्षर चांगले आहे. निदान होते, मला दिसत होते तोवर.

डोळे बांधून पतंग उडवण्याचे कसे सुचले, याचे उत्तर आता तुला मिळाले. ते सुचले नाही. माझ्याजवळ दुसरा मार्ग नव्हता.

माया दुसऱ्या दिवशी आलीच. मी तिला म्हटले, 'काल मी अयोग्य बोललो.' ती म्हणाली, 'बोलले न. मंग? चहा ठेवू का?' तिला सांगितले आहे की यापुढे पतंग गेला तर गेला म्हणायचे. ती म्हणाली, 'बरं. मंग आता आइका, तुमच्या सदऱ्याले उलट्या गुंड्या हायेत.' एवढे मोकळे मी गेल्या कित्येक महिन्यांत हसलो नव्हतो. तुझी आजी गेल्यापासून या घरात माझी चूक काढणारे कोणी राहिले नव्हते. मी मात्र साऱ्या जगाच्या काढत होतो.

तुझ्या आईला उद्या रविवारी मीच सांगेन. ती रडेल, मग रागावेल आणि मग मला अकोल्याला नेण्याची तयारी करील. तिच्याशी काय ते माझे मी पाहीन.

राहिला तुझा प्रश्न. जानेवारी अर्धा सरला आहे आणि तुला शाळेला कळवायचे आहे. दोन्ही वेळा मी तुला घाईने एका वाक्यात उत्तर दिले. यावेळी मला दोन वाक्ये लागणार आहेत, आणि ती एकमेकांना छेद देतात. मार्चपर्यंत राहावेस, परीक्षा द्यावीस आणि उतरावेस, हे माझे मत आहे. तू माझ्याजवळ असावीस, हे माझे मागणे आहे. जन्मभर मी मत तेवढे मोठ्याने सांगितले आणि मागणे कोणापुढे ठेवले नाही. तुझ्या आजीपुढेही नाही. ती ओळखून घ्यायची, म्हणून निभावले. आता ओळखणारे कोणी नाही, म्हणून लिहावे लागते: मला एकटे वाटते, आचल. सकाळी कमी वाटते. दिवे लागले की फार वाटते.

यातले कशाला किती वजन द्यायचे ते तू ठरव. मी तुला काही सोपे करून देत नाही आणि काही झाकूनही ठेवत नाही. आत्ता आलीस तर तू माझ्यासाठी काही सोडून आलीस, हे मी विसरणार नाही. राहिलीस तर मी संध्याकाळी फोन जवळ घेऊन बसेन, आणि तू किती वेळा पडलीस ते मला खरे खरे सांगावे लागेल. दोन्हीपैकी काहीही निवडलेस तरी मी रागावणार नाही. रागावलो तरी ते एक दिवसाचे असेल.

एवढे मात्र लक्षात ठेव. जेव्हा येशील तेव्हा फाटकापाशी मुकाट उभी राहून मी कधी ओळखतो याची वाट पाहू नकोस. मला चेहरा जुळवत बसावे लागेल आणि ते मला तुझ्यापुढे नको आहे. कडी वाजवण्याआधी हाक मार. आवाज आला की मी उठेन.

वाट पाहणारा,
तुझा आबाजी